स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला हिंडते-फिरते ठेवताना

गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातच सूनबाईंनी सांगितले, "सासूबाई व्यायाम करतच नाहीत. तुमच्या आधी आलेल्या दोघींनी हात टेकले." आजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. हात वर करा म्हटले की त्या माझ्याकडे पाहून हसत आणि हात मांडीवर तसेच ठेवत. थोड्या वेळाने सूनबाईंनी गॅलरीतल्या दोरीवरचे वाळलेले कपडे आणून पलंगावर टाकले. आजींनी त्यातली एक साडी ओढली, टोक सापडत नाही म्हणून आपण होऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात डोक्यावर नेऊन साडी झटकली आणि काठाला काठ जुळवून घडी घालू लागल्या. खांद्याचा जो व्यायाम मी वीस मिनिटे मागत होते, तो त्यांनी माझ्यासमोर पाच-सहा वेळा केला.

घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना हे मला पुन्हा पुन्हा दिसले आहे. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात आधी अलीकडची आठवण जाते, मग शब्द निसटतात, सूचनांचा क्रम डोक्यात राहत नाही. मात्र वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूच्या वेगळ्या भागांवर अवलंबून असल्यामुळे पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. म्हणून "व्यायाम करा" ही आज्ञा जिथे पोहोचत नाही, तिथे सवय पोहोचते. घरच्यांनी आणि सांभाळणाऱ्या मावशींनी ही सवय कशी हाताशी धरावी, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतले बहुतेक जण घरीच सांभाळले जातात. त्यामुळे या रुग्णांची खरी फिजिओथेरपी रुग्णालयाच्या विभागापेक्षा स्वयंपाकघर, मोरी आणि पलंग यांच्यामधल्या दहा पावलांतच होते.

अपेक्षा काय ठेवायची, हे आधीच स्पष्ट असावे. ब्रिटनमध्ये ४९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित, बऱ्यापैकी दमवणारा व्यायाम करून शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. उलट फिनलंडमध्ये २१० रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा घरी येऊन वर्षभर व्यायाम करून घेतल्यावर रोजची कामे करण्याची ताकद कमी वेगाने घटली आणि पडण्याचे प्रमाणही कमी झाले. तेव्हा व्यायामाने आठवण परत येईल, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. आईला स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जाता यावे, बाबांना दोघांनी न उचलता एकाच्या आधाराने उठता यावे, हे उद्दिष्ट गाठता येण्यासारखे आहे, आणि ते गाठल्याने घराचे दिवस किती बदलतात, हे ज्याने सांभाळले आहे त्यालाच कळते.

सुरुवात करण्यापूर्वी

चालणे हळूहळू बिघडले की एकाएकी, हे सर्वांत आधी विचारावे. स्मृतिभ्रंशामुळे होणारा बदल महिन्यांच्या हिशेबाने होतो. परवापर्यंत आधाराने चालणारे काका आज उभेच राहत नाहीत, गुंगीत आहेत किंवा अचानक असंबद्ध बोलू लागले आहेत, तर आजार वाढला असे समजून स्वस्थ बसू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, बरेच दिवसांचा मलावरोध, नवीन औषध, लक्षात न आलेले मोडलेले हाड किंवा पक्षाघाताचा झटका यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्या दिवशी व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना बोलवावे.

औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवून एकदा नीट तपासून घ्यावी, कारण झोपेच्या गोळ्या, भ्रमावरची औषधे आणि रक्तदाबाच्या गोळ्या तोल बिघडवू शकतात. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात रुग्णाला नसलेली माणसे किंवा प्राणी दिसतात, अंग कंपवातासारखे ताठ होते आणि एके दिवशी बरा वाटणारा माणूस दुसऱ्या दिवशी गोंधळलेला असतो. अशा रुग्णांना भ्रमावरच्या काही औषधांनी फार ताठरपणा येतो, म्हणून औषध बदलल्यावर अंग आखडू लागल्यास वाट न पाहता कळवावे. रक्तदाब नेहमी बसवून मोजला जातो, पण पडण्याचे कारण शोधायचे असेल तर पाच मिनिटे आडवे ठेवून आणि मग उभे केल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर सकाळी पलंगावरून उठताना होणारी पडापड त्यामुळे असू शकते.

पायांची नखे, कुरूप, टाचांच्या भेगा, चष्म्याचा जुना नंबर, कपाटात पडून राहिलेले श्रवणयंत्र, ही सगळी तपासणी अर्ध्या तासाची आहे. दुखण्याकडे मात्र जास्त लक्ष द्यावे. ज्याला "गुडघा दुखतो" हे वाक्य जुळवता येत नाही, तो कपाळाला आठ्या घालून, कण्हून, हात झटकून किंवा ठरावीक ठिकाणीच हालचाल अडवून ते सांगत असतो. "फार हट्टी झाल्या आहेत" म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी आज्यांच्या हट्टाचे मूळ सांध्यात निघाले आहे, आणि डॉक्टरांनी वेदनाशामक सुरू केल्यावर त्याच आज्या आधाराने उठू लागल्या आहेत.

तोलाचा अंदाज घ्यायला यंत्र लागत नाही. बरोबर चालताना सहज एखादा प्रश्न विचारावा. उत्तर देण्यासाठी माणूस थांबत असेल, तर त्याच्या मेंदूला चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकदम झेपत नाहीत, असे समजावे, आणि पुढे चालवताना गप्पा मारू नयेत. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ही परीक्षा सर्वत्र वापरतात. बाराहून जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका मानतात. पण आपले रुग्ण अर्ध्या वाटेत कशासाठी निघालो तेच विसरतात, म्हणून मी पलंग ते संडास हा रोजचा रस्ता धरते आणि त्याला लागलेला वेळ वहीत लिहायला सांगते.

बोलावे कसे

मी नवीन असताना परळच्या एका घरात काकांच्या बाजूने जाऊन त्यांचा कोपर धरला आणि एका दमात म्हणाले, "काका, पुढे सरका, पाय मागे घ्या, हात टेका आणि उठा." त्यांनी माझा हात जोरात झटकला आणि पुढचे दोन आठवडे मी दिसले की ते खुर्चीला घट्ट धरून बसत. त्यांच्या बाजूने पाहिले तर एका अनोळखी बाईने न दिसणाऱ्या बाजूने येऊन त्यांना पकडले होते आणि चार गोष्टी एकदम मागितल्या होत्या. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून मी समोरून येते, दोन पावलांवर थांबते, त्यांच्या नजरेच्या उंचीला येईन अशी बसते आणि घरात त्यांना जी हाक परिचयाची आहे तीच मारते. मग एका वेळी एकच वाक्य, आणि त्यानंतर मनातल्या मनात दहापर्यंत आकडे. दहा सेकंद पुष्कळ वाटतात, पण त्या मेंदूला वाक्य ऐकून, समजून पायापर्यंत पोहोचवायला तेवढा वेळ लागतो; पाचव्या सेकंदाला आपण वाक्य बदलून पुन्हा सांगितले की त्यांचे सगळे काम पहिल्यापासून सुरू होते. दुसऱ्यांदा सांगायचे झालेच तर तेच शब्द वापरावेत. "पडशील, तिकडे जाऊ नको" यापेक्षा "इकडे ये, माझा हात धर" हे लवकर समजते, कारण नकारातून काय करायचे ते कळत नाही. हात पकडण्याऐवजी आपला तळवा वर करून पुढे धरावा आणि त्यांनी आपला हात त्यावर ठेवण्याची वाट पाहावी. ज्याने हात स्वतः ठेवला, तो सहसा झटकत नाही.

खुर्चीतून उठणे

पूर्ण फिजिओथेरपीतून एकच गोष्ट शिकवायची वेळ आली, तर मी ही शिकवेन. उठता येणाऱ्या माणसाला संडासला नेता येते, जेवायला टेबलापाशी बसवता येते, कूस बदलायला लावता येते. उठणे गेले की हळूहळू सगळे पलंगावर येते.

आपल्याकडचे दिवाण आणि सोफा बहुधा बुटके असतात, आणि त्यांत बसलेल्याचे गुडघे कमरेच्या वर जातात. साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची, दोन्ही बाजूंना हात असलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्यावी. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत टाइल्सवर मागे सरकते, तेव्हा ती वापरायचीच असेल तर पाठ भिंतीला टेकवून ठेवावी. बसकण मऊ असेल तर त्यावर घट्ट गादी घालावी.

आता क्रम. आधी बसलेल्या व्यक्तीने एक नितंब, मग दुसरा असे करत खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे यावे. पाय जमिनीवर सपाट, एकमेकांपासून वीतभर अंतरावर आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. हात खुर्चीच्या हातांवर. मग डोके पुढे, इतके की नाक पायांच्या बोटांच्या पुढे जावे. इथेच बहुतेकांची गाडी अडते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती पुढे वाकण्याऐवजी पाठ मागे रेटते, कारण समोरची मोकळी जमीन तिला खोल वाटते आणि भीतीने शरीर मागे जाते. अशा वेळी मागून ढकलले की ती आणखी मागे रेटते. त्याऐवजी समोर जड टेबल ठेवावे किंवा आपण समोर स्टुलावर बसावे, म्हणजे पोकळी भरते. मग पुढे वाकण्यासाठी काही निमित्त द्यावे: टेबलावरचा पेपर, चहाचा कप, नातवंडाचा पुढे केलेला हात. "उठा" म्हणण्याची गरजच पडत नाही. तीनदा पुढे-मागे झुलून तिसऱ्या झोक्याला उठणेही उपयोगी पडते, आणि "एक, दोन, तीन" रोज एकाच लयीत म्हटले की ती लयच खूण होते.

काखेत हात घालून कधीही ओढू नये. त्याने म्हाताऱ्या खांद्याचा सांधा निखळू शकतो आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. त्यांना आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नयेत. आधार द्यायचाच तर कमरेभोवती बांधायचा रुंद पट्टा, ज्याला हातात धरायच्या मुठी असतात, तो वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळतो.

बसणे हे उठण्याहून धोक्याचे असते. खुर्ची दिसली की रुग्ण दोन पावले आधीच वळतो आणि बसायला लागतो. दोन्ही पोटऱ्यांना खुर्चीची कड लागेपर्यंत मागे यायचे आणि एक हात खुर्चीच्या हाताला लावायचा, त्याशिवाय बसायचे नाही, हे घरातल्या प्रत्येकाने एकाच पद्धतीने करून घ्यावे. मुलगा एका तऱ्हेने, मावशी दुसऱ्या तऱ्हेने आणि मी तिसऱ्या तऱ्हेने उठवले, तर हा मेंदू त्यातले काहीच शिकत नाही. आधी चुकू देऊन मग सुधारणे इथे चालत नाही, कारण चूकही तितकीच पक्की बसते.

सकाळचा चहा, अंघोळ, नाश्ता, जेवण, दुपारचा चहा, संडास, देवाचा दिवा असे मोजले तर दिवसातून आठ-दहा वेळा उठणे सहज होते. प्रत्येक वेळी एकदाऐवजी दोनदा उठवले, तर मांड्यांचा पुरेसा व्यायाम त्यातच झाला.

कामात गुंफलेला व्यायाम

आयुष्यभर जे केले, ते शोधावे. ठाण्याहून व्हीटीला पस्तीस वर्षे उभ्याने प्रवास केलेल्या एका आजोबांना "पाय फाकवून उभे राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या" हे काही केल्या समजेना. मी गॅलरीच्या कठड्यापाशी त्यांच्या बाजूला उभी राहून म्हणाले, "आजोबा, गाडीत उभे राहता तसे." त्यांनी चटकन पाय रुंद केले, एका हाताने कठडा पकडला, दुसरा हात वरची कडी पकडावी तसा उचलला आणि मी डावीकडे-उजवीकडे झुलू लागले तसे तेही झुलू लागले. आम्ही चार मिनिटे उभे होतो. त्याआधी ते एका मिनिटाच्या वर उभे राहत नव्हते.

असे धागे प्रत्येक घरात असतात. देव्हाऱ्यातल्या तसबिरींना फुले वाहण्यासाठी टाचा उचलाव्या लागतात. मेथी निवडणे, मटार सोलणे यांनी बोटे आणि मनगटे मोकळी राहतात, आणि परात थोडी लांब व एका बाजूला ठेवली की कंबरही वळते. आरतीला घरातले सगळे उभे राहिले की एरवी न उठणारी आजीही उभी राहते, टाळ्या वाजवते, आणि टाळाच्या तालावर वजन या पायावरून त्या पायावर जाते. ज्या घरात रोज आरती होते, तिथे उभे राहण्याचा व्यायाम मी वेगळा सांगतच नाही. फुगा हलकेच टोलवत राहणे हा नातवंडांबरोबरचा खेळ बसून तोल सांभाळायला शिकवतो. गॅसजवळचे काम मात्र देऊ नये.

वेळ निवडावी ती त्यांची. बहुतेकांना सकाळ बरी जाते; संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास अनेकांची अस्वस्थता वाढते, आणि त्या वेळी काही नवीन शिकवायला जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि तीन किंवा अधिक दिवस तोलाचा सराव सुचवला आहे. या आकड्याने घाबरून जाऊ नये. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून पाच वेळा असे केले तर आठवड्याचे १७५ होतात, आणि ज्याला तेवढे झेपत नाही त्याने झेपेल तेवढे करावे. "नको" म्हटले तर वाद न घालता सोडून द्यावे आणि वीस मिनिटांनी पुन्हा विचारावे; नकार बहुधा त्यांच्या लक्षात राहिलेला नसतो.

घर

मुंबईच्या घरात वॉकर विकत घेण्यापूर्वी टेप घेऊन दारे मोजावीत. मोरीच्या दारातून आत न जाणारा वॉकर पलंगाखाली धूळ खात पडतो. शिवाय वॉकर किंवा काठी वापरणे ही नवी गोष्ट आहे, आणि ती आजाराच्या सुरुवातीलाच शिकवली तर अंगवळणी पडते. मध्यम अवस्थेनंतर हाती दिलेला वॉकर अनेक जण उचलून चालतात किंवा त्यातच पाय अडकवून पडतात. त्यांच्यासाठी माणसाचा हात आणि भिंतीला लावलेली दांडी बरी. ती दांडी पक्क्या भिंतीत बसवलेली हवी. टॉवेल टांगायची नळी धरून अनेक जण तिच्यासकट खाली आले आहेत.

या आजारात डोळे चांगले असले तरी खोली आणि फरक ओळखण्याची मेंदूची क्षमता घटते. दाराशी पडलेले काळे पायपुसणे खड्ड्यासारखे दिसते, म्हणून माणूस त्यावरून मोठी ढांग टाकतो किंवा तिथेच थिजतो. चकाकणारी लादी ओली वाटते. पांढऱ्या संडासात पांढरी सीट दिसतच नाही. रंगीत सीट बसवली की नेमके बसता येते. उंबरठ्यावर आणि पायरीच्या कडेला लादीहून वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवावी, आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा चालू ठेवावा. पावसाळ्यात छत्र्या आणि ओल्या चपला दाराबाहेर, लादी पुसल्यावर वाळेपर्यंत कोणी चालायचे नाही, आणि पायात मोजे घालून टाइल्सवर चालवायचे नाही. मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची, मापाची चप्पल घरातही घालावी. गाऊन किंवा परकर घोट्याच्या वर असावा.

ज्या चाळींत संडास गॅलरीच्या टोकाला आहे, तिथे दिवसा तो रस्ता हाच चालण्याचा व्यायाम समजावा आणि रात्रीसाठी पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवावी. उकिडवे बसायची सवय ज्यांची टिकून आहे, त्यांचे भारतीय पद्धतीचे संडास घाईने बंद करू नये, भिंतीला दांडी बसवून द्यावी. पुनर्विकासामुळे घर बदलावे लागणार असेल, तर नव्या घरात पलंग, देव्हारा आणि खुर्ची यांची जुन्या घरातली मांडणी होईल तेवढी तशीच ठेवावी आणि पहिले काही आठवडे रात्री कोणीतरी खोलीत झोपावे. जुन्या घरात अंधारात डावीकडे वळून संडास सापडत होता, आणि पाय अजूनही डावीकडेच वळतात.

खुर्चीला साडीने किंवा ओढणीने बांधून ठेवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. घरच्यांची हतबलता मला कळते, कारण रात्रभर जागून दिवसा स्वयंपाक करणाऱ्या बाईला दुसरा उपाय सुचत नाही. तरीही बांधू नये. बांधलेला माणूस सुटण्यासाठी झगडतो, खुर्चीसह उलटतो, आणि बसून राहिल्याने त्याच्या मांड्या इतक्या झपाट्याने ओसरतात की सुटल्यावर तो खरोखरच उभा राहू शकत नाही.

घराबाहेर

सारखे दाराकडे जाणाऱ्या माणसाला चालायचे असते. त्याला त्याच वेळी कोणीतरी सोबत घेऊन खाली उतरले, तर पुष्कळदा ती तगमग निवते. दादरमध्ये राहणाऱ्यांना शिवाजी पार्कचा कट्टा आहे, माटुंग्यात फाइव्ह गार्डन्स आहे. जिथे सपाट रस्ता आणि दर थोड्या अंतरावर बसायला जागा आहे, अशी कोणतीही जागा चालेल. गर्दीच्या आधी, सकाळी जावे. रस्ता रोज तोच ठेवावा. खिशात नाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. समोरून दोन्ही हात धरून, आपण उलटे चालत ओढत नेऊ नये. शेजारी, अर्धे पाऊल मागे, कमकुवत बाजूला राहावे आणि त्यांचा तळवा आपल्या तळव्यावर घ्यावा. वळताना रुंद वळण घ्यावे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर ओढू नये, थांबावे, जागेवरच डावा-उजवा असे झुलवावे आणि मग "एक, दोन" म्हणत पुढे निघावे.

पडल्यास

लगेच उचलू नये. आधी पाहावे: एक पाय दुसऱ्याहून आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, किंवा मांडी हलवताच किंचाळत असतील, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते; अशा वेळी, तसेच डोक्याला मार, उलटी, गुंगी असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. यांपैकी काहीच नसेल तर थोडा दम खाऊ द्यावा, कुशीवर वळवावे, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर आणावे, समोर घट्ट स्टूल ठेवून त्यावर दोन्ही हात टेकवावेत, सशक्त पायाचे पाऊल पुढे ठेवायला लावून उठवावे आणि मागून खुर्ची सरकवावी. पडल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उठवणे सुरू व्हावे, कारण भीतीने आठवडाभर झोपवून ठेवले तर पडण्याने जे झाले नाही ते झोपण्याने होते.

अंथरुणाला खिळल्यावर

शेवटच्या अवस्थेत हात हलवायला गेले की ते विरोध करतात, आणि आपण जितक्या जोरात ओढू तितका विरोध वाढतो. हा राग नाही, मेंदूचीच प्रतिक्रिया आहे. अगदी सावकाश, तळव्याने खालून आधार देत, बोलत बोलत हलवले तर तेच अंग सैल पडते. आवळलेली मूठ बोटे ओढून उघडू नये. मनगट हळूच आत वाकवले की बोटे आपोआप सैल होतात, मग तळवा धुऊन, कोरडा करून त्यात मऊ कापडाची गुंडाळी ठेवावी. गुडघे आणि घोटे अंघोळीच्या कोमट पाण्यानंतर हलवणे सर्वांत सोपे जाते.

कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, टाचा गादीपासून अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्यावी, आणि माकडहाड, खुबे, टाचा रोज डोळ्यांनी पाहाव्यात. बोटाने दाबून न फिकटणारा लालसर डाग ही जखमेची सुरुवात असते. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर हा लालसरपणा दिसत नाही, तेव्हा गडद पडलेली, गरम किंवा कडक लागणारी जागा हाताने चाचपून शोधावी. जेवण नेहमी ताठ बसवून, आणि त्यानंतर अर्धा तास तसेच. शक्य असेल तोवर दिवसातून एकदा तरी पलंगाबाहेर खुर्चीत, खिडकीपाशी बसवावे.

मदत कोणाची घ्यावी

फिजिओथेरपिस्ट निवडताना महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेची नोंदणी विचारण्यात संकोच वाटू देऊ नये, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अनुभव किती, हेही विचारावे. ज्यांना खासगी भेटी परवडत नाहीत, त्यांनी केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतले विभाग किंवा १९५५ साली स्थापन झालेली, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था गाठावी. १९९२ साली केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे काम मुंबईतही आहे. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४५६७ आहे.

पण आठवड्यातून दोनदा येणारी मी आणि रोज बारा तास राहणाऱ्या मावशी यांत रुग्णाचे चालणे मावशींच्या हातात असते. ब्युरोतून आलेल्या मावशींना बहुधा कोणीच काही शिकवलेले नसते, म्हणून मी पहिल्या दोन भेटी त्यांना शिकवण्यातच घालवते आणि घरच्यांनाही तसे सांगून ठेवते. मावशींनी स्वतः उचलताना गुडघे वाकवावेत, कंबर नव्हे, आणि पलंग त्यांच्या कमरेइतका उंच करून द्यावा. मावशी बदलल्या तर जुन्या आणि नव्या मावशींनी एक दिवस एकत्र काम करावे; त्या एका दिवसाचा जास्तीचा पगार वाया जात नाही.

पलंगाजवळ एक वही ठेवावी आणि त्यात तीनच गोष्टी लिहाव्यात: आज किती वेळा उठल्या, संडासापर्यंत जायला किती वेळ लागला, कोणत्या निमित्ताने आपण होऊन हालचाल केली. दर सहा आठवड्यांनी खुर्चीतून उठण्याचा आणि बसण्याचा बाजूने घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्या वहीबरोबर फिजिओथेरपिस्टला दाखवावा. उठताना डोके पुढे येते का आणि बसताना हात खुर्चीला लागतो का, एवढे त्यात पाहिले की पुढच्या सहा आठवड्यांचे काम ठरवता येते.